नवीन लॅपटॉप घेताय? एक्स्टेंडेड वॉरंटीचं दुकानात जायच्या आधी ठरवा

बारावीचे निकाल लागले आणि कॉलेजच्या ॲडमिशन सुरू झाल्या की मला फोन यायला लागतात. मी सांगलीला मार्केट यार्डात हळद-बेदाण्याच्या अडत्यांची अकाउंट्स बघते, दिवसभर टॅली आणि जीएसटी पोर्टल, त्यामुळं नात्यागोत्यात "कॉम्प्युटरचं तिला विचारा" असं झालंय. फोन बहुतेक वेळा दुकानातूनच येतो, मागं सेल्समनचा आवाज ऐकू येत असतो, "ताई लॅपटॉप फायनल केलाय, पण हे म्हणतायत अजून ५ हजार भरा, २ वर्षं वॉरंटी वाढवून देतो, भरू का?"

आता एवढ्या घाईत मी काय सांगणार? लॅपटॉप कुठल्या कंपनीचा, वॉरंटी कंपनीची का दुकानाची, घर सांगलीत का जतला, हे काहीच माहीत नसताना हो म्हणणं पण चूक आणि नको म्हणणं पण चूक. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय, पहिल्यांदाच लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी. क्रमानं वाचा, कारण पहिल्या दोन गोष्टी कळल्या नाहीत तर पुढचा हिशोब चुकतो.

१. आधी बघा, फुकटात काय मिळतंय

नवीन लॅपटॉपवर बहुतेक कंपन्या १ वर्षाची वॉरंटी देतात, काही मॉडेलवर २ किंवा ३ वर्षं पण असते, विशेषतः ऑफिससाठी बनवलेल्या मॉडेलवर. ही लॅपटॉपच्या किमतीतच आलेली असते. हिच्यात दोन प्रकार असतात आणि आपल्याकडं हाच फरक सगळ्यात जास्त महत्त्वाचा आहे. एक ऑनसाइट, म्हणजे इंजिनीअर पार्ट घेऊन तुमच्या घरी येतो. दुसरी कॅरी-इन, म्हणजे लॅपटॉप तुम्ही पिशवीत घालून सर्व्हिस सेंटरला न्यायचा, ठेवून यायचा आणि झाला की परत आणायला जायचं.

पुण्यातल्या माणसाला यात फारसा फरक वाटणार नाही, रिक्षानं जाऊन येईल. पण तुम्ही आटपाडीला राहताय आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला असेल तर दोन हेलपाटे, दोन दिवस रजा, एसटीचं भाडं वेगळंच. म्हणून मॉडेल फायनल करायच्या आधीच कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन सर्व्हिस सेंटर शोधा, आणि कस्टमर केअरला फोन करून सरळ पिनकोड सांगून विचारा, "४१६४१६ ला ऑनसाइट मिळते का?" विश्रामबागचा ४१६४१५, मिरजेचा ४१६४१०, तुमच्या गावाचा जो असेल तो सांगा, जवळच्या मोठ्या गावाचा सांगू नका. बॉक्सवर ऑनसाइट लिहिलेलं असतं पण ती सगळ्या पिनकोडला मिळतेच असं नाही, आणि हे बिल झाल्यावर कळून उपयोग नाही. उत्तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर मागून घ्या.

अजून एक. वॉरंटी कधीपासून मोजतायत ते बघा. लॅपटॉप दुकानात महिनोन् महिने पडून असेल तर कंपनीच्या सिस्टीममधे वॉरंटी तुमच्या खरेदीच्या आधीच सुरू झालेली दिसू शकते. घरी आल्या आल्या लॅपटॉपच्या पाठीमागचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तारीख बघायची, चुकीची दिसली तर बिलाचा फोटो पाठवून दुरुस्त करून घ्यायची. दुरुस्त करून देतात, पण लगेच मागितलं तर. वर्षानं मागायला गेलात की वाद होतो.

२. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणून जे विकतात त्यात तीन वेगळ्या वस्तू आहेत

दुकानात सगळ्याला एकच नाव असतं, "वॉरंटी वाढवून देतो". पण तसं नसतंय.

पहिली, कंपनीची स्वतःची एक्स्टेंडेड वॉरंटी. म्हणजे जी पहिल्या वर्षी होती तीच पुढं २-३ वर्षं चालू. पैसे भरल्यावर सिरीयल नंबर टाकला की कंपनीच्या साइटवर नवीन तारीख दिसायला पाहिजे. दिसली नाही तर ती कंपनीची नाही, एवढं सोपं आहे.

दुसरी, एडीपी, ॲक्सिडेंटल डॅमेज प्रोटेक्शन. लॅपटॉप पडला, स्क्रीन फुटली, चहा सांडला, तर यात होतं. साध्या एक्स्टेंडेड वॉरंटीत हे होत नाही, आणि लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच होतो. पैसे भरताना डोक्यात असतं "पोरगं होस्टेलला राहणार, पडलं-झडलं तर बरं", आणि घेऊन येतात साधी एक्स्टेंडेड, जिच्यात पडलं-झडलं बसतच नाही. सर्व्हिस सेंटरवाले असल्या केसला सीआयडी म्हणतात, म्हणजे कस्टमरकडून झालेलं नुकसान, आणि जॉबशीटवर, म्हणजे लॅपटॉप जमा केल्यावर ते बनवतात त्या कागदावर, एकदा सीआयडी पडलं की वॉरंटी कितीही वर्षांची असो, खर्च तुमचा.

तिसरी, दुकानाची नाहीतर ऑनलाइन साइटची. म्हणजे लॅपटॉपची कंपनी वेगळी, प्लॅन विकणारी कंपनी तिसरीच. ही स्वस्त दिसते. पण हिच्या अटी पूर्ण वेगळ्या असतात, रिपेअर कुणाकडून करणार, ओरिजिनल पार्ट घालणार का, किती दिवसात करणार, आणि रिपेअर झालाच नाही तर पैसे किती परत, हे सगळं त्यांच्या कागदावर. बऱ्याच प्लॅनमधे घसारा कापतात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लॅपटॉपची किंमत कमी धरून तेवढेच पैसे देतात.

हे मी अनुभवानं सांगतेय. माझ्या आधीच्या लॅपटॉपला मी असाच दुकानातला प्लॅन घेतला होता, कागद न वाचता. दुसऱ्या वर्षी डिस्प्ले काळा पडला, तपासल्यावर मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेलेला निघाला. प्लॅनवाल्यांना फोन केला, त्यांचा माणूस आला, लॅपटॉप पुण्याला पाठवायला लागेल म्हणाला, पाठवला. मग रोज फोन, रोज वेगळा माणूस, रोज "मॅडम पार्ट ऑर्डरमधे आहे". २० तारखेला थ्री-बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, भरायचा असतो, पार्ट्यांची बिलं माझ्याकडं, मी त्या महिन्यात भाच्याचा लॅपटॉप आणून रात्री बसून काम केलं. जवळजवळ महिन्यानं सांगितलं रिपेअर होत नाही, पैसे देतो, आणि घसारा कापून जे दिलं त्यात तसला लॅपटॉप परत येत नव्हता. नंतर कागद काढून वाचला तर हे सगळं त्यात लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, पण लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून मी प्लॅनची किंमत नंतर विचारते, आधी विचारते की रिपेअर कोण करणार, कुठं करणार आणि किती दिवसात.

३. आपल्याकडं लॅपटॉप कशानं जातो

वॉरंटी म्हणजे कारखान्यातला दोष. एखादा पार्ट आपोआप बंद पडला तर. असे दोष बहुतेक सुरुवातीच्या काही महिन्यातच बाहेर येतात आणि ते पहिल्या फुकटच्या वर्षात निघून जातात, मग मधे बरीच वर्षं मशीन निवांत चालतं आणि पुढं झिजून परत दुखणी सुरू होतात. एक्स्टेंडेड वॉरंटी नेमकी त्या मधल्या निवांत काळाला असते, म्हणून तर कंपनीला ती विकायला परवडते.

आता आपल्या घरात बघा. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली, आणि चार्जर लावलेला होता. किंवा डीपीवर न्यूट्रल तुटला, आणि घरात २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत करंट आला, आमच्या गल्लीत एकदा एका रात्रीत तीन टीव्ही आणि एक फ्रिज गेला होता. किंवा पोरानं कीबोर्डवर ताक सांडलं. यातलं काहीही साध्या वॉरंटीत बसत नाही, एक्स्टेंडेडमधे पण नाही.

आणि पूर. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी आपण सगळ्यांनी बघितलंय. गावभागात आमच्या एका नातेवाइकांचं ऑफिस तळमजल्याला, २०१९ च्या ऑगस्टला पाणी चढायला लागल्यावर त्यांनी कागदपत्रं वर नेली आणि कॉम्प्युटर खालीच राहिला, त्याला अजून दीड वर्षाची वॉरंटी शिल्लक होती. काही उपयोग झाला नाही, नैसर्गिक आपत्ती म्हणून सरळ नाही म्हणाले, आणि नियमानं ते बरोबरच होतं. पुरासाठी विमा लागतो. घराला भारत गृह रक्षा पॉलिसी मिळते, २०२१ च्या एप्रिलपासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडं आहे, तिच्यात पूर बसतो आणि घरातल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू पण बसतात. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी लॅपटॉपच्या वॉरंटीच्या आधी याची चौकशी करावी असं मला मनापासून वाटतं.

करंटचं म्हणाल तर एखादा चांगला इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मधे मीटर लावून बघितल्यावर दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अर्थिंगचं काम निघालंय असं समजायचं. लॅपटॉपला स्टॅबिलायझरची गरज नसते, चार्जर १०० ते २४० व्होल्ट झेलतो, पण सर्ज प्रोटेक्शनवाला चांगला स्पाइक गार्ड घ्या, साधं एक्स्टेन्शन बोर्ड नव्हे. आणि वीज कडाडायला लागली की पिन काढून ठेवायची, ते सगळ्यात खात्रीचं. डेस्कटॉप असेल तर यूपीएस पाहिजेच.

४. आता आकडे मांडा

कागद-पेन घ्या. समजा लॅपटॉप ५५ हजारचा आहे आणि कंपनीची २ वर्षं वाढीव वॉरंटी ५ हजारला मिळतेय. या लॅपटॉपमधे रॅम (मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) सुट्टे आहेत, काढून बदलता येतात. समजा एसएसडी गेली तर ४-५ हजारात नवीन बसते, म्हणजे वॉरंटी एवढेच पैसे. मोठा खर्च दोनच, मदरबोर्ड आणि डिस्प्ले. समजा मदरबोर्डला २० हजार लागले. ५ हजार भरून २० हजारचा धोका टाळायचा, म्हणजे असले चार लॅपटॉप घेतले तर त्यातला एक तरी त्या २ वर्षांत असल्या मोठ्या दुखण्यानं बंद पडला पाहिजे, तर बरोबरी. चारात एक हे प्रमाण बरंच झालं. ज्यांना २० हजारचा एकदम खर्च झेपतो त्यांनी ते ५ हजार बाजूला टाकावेत, नाहीच लागले तर तिसऱ्या वर्षी नवीन बॅटरी त्यातूनच येते.

पण हा हिशोब सगळ्या लॅपटॉपला लागू होत नाही. आजकालचे पातळ लॅपटॉप बघा, रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली, मॅकबुकमधे तर एसएसडी पण काढून बदलता येत नाही, तिथं एक छोटा पार्ट गेला तरी अख्खा बोर्ड बदलायला लागतो. असला लाखाच्या घरातला लॅपटॉप असेल तर कंपनीची वाढीव वॉरंटी घ्यायला माझा विरोध नाही, उलट मी घ्याच म्हणेन. टचस्क्रीन नाहीतर स्क्रीन पूर्ण उलटी फिरणारा असेल तर तिथं पण हिशोब बदलतो, डिस्प्ले महाग पडतो. याच्या उलट ३० हजारच्या लॅपटॉपवर ५ हजारची वॉरंटी मला पटत नाही, सहावा हिस्सा झाला की तो.

कामाचं पण बघा. माझ्यासारखं ज्याचं पोट लॅपटॉपवर आहे, त्याला खरं मोल दिवसांचं असतं. दुसऱ्या दिवशी इंजिनीअर घरी येणारी कंपनीची ऑनसाइट वॉरंटी असेल तर मी जास्त पैसे देऊन घेते, आताच्या लॅपटॉपला घेतलीय पण. तीच वॉरंटी कॅरी-इन असती तर नसती घेतली, त्यापेक्षा एक जुना लॅपटॉप चालू ठेवून त्यात टॅलीचा बॅकअप टाकत राहणं बरं.

होस्टेलला जाणाऱ्या पोरांसाठी मात्र एडीपी. माझा भाचा वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजला आहे, पहिल्याच वर्षी रूममधे चार्जरच्या वायरीत कुणाचातरी पाय अडकला आणि लॅपटॉप टेबलावरनं खाली, स्क्रीन गेली. एडीपी होती म्हणून काम झालं. घेताना विचारा की वर्षातून किती वेळा क्लेम करता येतो, बऱ्याच ठिकाणी एकच असतो, आणि प्रत्येक वेळी वरचे काही पैसे भरायला लागतात का. चोरी सहसा यात नसते, ती वेगळी विचारायची.

बॅटरीचं वेगळं सांगते. वॉरंटी ३ वर्षांची केली तरी बॅटरीला बहुतेक वेळा १ वर्षच असतं, कारण ती झिजणारी वस्तू धरतात. काही कंपन्या बॅटरीची वेगळी वॉरंटी विकतात. आणि डेटा कुठल्याच वॉरंटीत नसतो, सर्व्हिस सेंटरला देताना डिस्क फॉरमॅट झाली तर कुणी जबाबदार नाही, त्यामुळं बॅकअप तुमचा तुम्ही.

५. असेंबल केलेला पीसी असेल तर

इथं एक्स्टेंडेड वॉरंटीची गरजच सहसा पडत नाही. प्रत्येक पार्टला आपापली वॉरंटी असते, बॉक्समधला इंटेल नाहीतर एएमडीचा प्रोसेसर ३ वर्षं, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड बहुतेक ३, एसएसडी ३ ते ५, चांगली एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) ५ च्या पुढं. फक्त दोन गोष्टी पाळा. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या, "पीसी असेंबल्ड १ नग" असलं बिल घेऊ नका. आणि प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला घ्या, ट्रे प्रोसेसर, म्हणजे बॉक्सशिवाय सुटा मिळणारा, थोडा स्वस्त देतात पण त्याला कंपनी सहसा दारात उभं करत नाही, जी काही वॉरंटी असेल ती दुकानदाराची. बॉक्स माळ्यावर टाका, फेकू नका.

६. दुकानात काय बोलायचं

बिल करताना "आजच घेतली तर ही किंमत" असं सांगतात. घाबरू नका, बहुतेक कंपन्यांची वाढीव वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत कधीही घेता येते, कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकला की दर दिसतो, तो आणि दुकानाचा दर शेजारी ठेवून बघा. एडीपी मात्र सहसा सुरुवातीच्या दिवसातच मिळते, ती लांबवू नका.

ईएमआयवर घेत असाल तर लोनची रक्कम स्वतः वाचा. वॉरंटी, इन्शुरन्स, अँटीव्हायरस असं काय काय त्यात घातलेलं असतं आणि मग त्याच्यावर पण व्याज भरत बसतो आपण. आमच्या ओळखीतल्या एका काकांना तिसऱ्या हप्त्याला कळलं की आपण प्लॅन घेतलाय. ऑनलाइन घेताना कार्टमधे प्लॅनची टिक आधीच लावलेली असेल तर काढा, न विचारता असं कार्टमधे घालणं नियमात बसत नाही, २०२३ च्या नोव्हेंबरला केंद्र सरकारनं डार्क पॅटर्नची जी गाइडलाइन काढली तिच्यात याला बास्केट स्नीकिंग म्हटलंय आणि मनाई केलीय.

प्लॅन घ्यायचा ठरलाच तर सेल्समनला एवढंच म्हणा, "दादा, अटींचा पीडीएफ व्हॉट्सॲप करा, मी वाचून दहा मिनिटात सांगते." जो पाठवत नाही त्याच्याकडनं घेऊ नका. पीडीएफमधे "काय कव्हर नाही" हा भाग आधी वाचायचा. बिल जीएसटीचं, ज्याच्या नावावर क्लेम करणार त्याच्याच नावावर, लॅपटॉपचा सिरीयल नंबर बिलावर, आणि प्लॅनची पावती वेगळी. थर्मल पेपरचं बिल सहा महिन्यात पांढरं होतं, त्याच दिवशी फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा.

७. क्लेम अडवला तर

आधी कंपनीला लेखी तक्रार, ईमेलवर, जॉबशीट नंबर घालून. जॉबशीटवर इंजिनीअरनं काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा, लॅपटॉप देताना चारी बाजूनं फोटो काढा, म्हणजे "आधीच डेंट होता" वगैरे निघत नाही. त्यानं नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. बरीच प्रकरणं इथंच मिटतात, मी एक मिटवलंय. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा जो नवीन ग्राहक संरक्षण कायदा आहे, जुलै २०२० पासून लागू, त्यात तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार करता येते, म्हणजे कंपनी बंगळुरूची असली तरी सांगलीत करता येते. वस्तूची किंमत ५ लाखाच्या आत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, पण २ वर्षांच्या आत करायला पाहिजे.

८. अकराव्या महिन्यात एकदा बसा

हे फार कमी लोक करतात. खरेदीच्या दिवशीच मोबाईलमधे अकरा महिन्यांनंतरचं रिमाइंडर लावून टाका. त्या दिवशी लॅपटॉप घेऊन बसायचं आणि एकेक तपासायचं, सगळे यूएसबी पोर्ट, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, कीबोर्डचं प्रत्येक बटण, बिजागरी उघडझाप करताना आवाज करते का, स्क्रीनवर रेषा किंवा डाग, फॅन ओरडतोय का. विंडोजमधे बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवीन असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आताची क्षमता) असे दोन आकडे असतात, दुसरा आकडा खूपच खाली गेला असेल तर वर्ष संपायच्या आत तक्रार टाका. तक्रार वॉरंटीत नोंदली गेली की पार्ट यायला उशीर झाला तरी ती वॉरंटीतलीच धरली जाते, म्हणून शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.

आणि वाढीव वॉरंटी घ्यायची का नको हे पण त्याच दिवशी ठरवा. वर्षभर वापरून कळलेलं असतं मशीन तापतंय का, पोरं कशी वापरतायत, सर्व्हिसवाला खरंच घरी आला का नुसता फोनवर बोलत राहिला. वर्षात दोनदा तक्रार आली असेल आणि इंजिनीअर वेळेवर घरी आला असेल तर पैसे भरून टाका. एकदाही काही झालं नसेल, रॅम-एसएसडी सुट्टे असतील, तर ते पैसे बॅटरीला ठेवा.